शून्य अंशाची रेषा

ओहायो राज्याची राजधानी कोलंबस सपाटीवर वसलेली आहे. शहराबाहेर पडलं की मका आणि सोयाबीनची शेतं आणि पट्टी ठेवून आखल्यासारखे रस्ते. ही सपाटी बर्फानं केलेली. गेल्या हिमयुगात कॅनडाकडून सरकत आलेल्या हिमचादरीनं इथले उंचवटे खरवडले, खोलगटीत माती-गोटे भरले आणि मग ती उत्तरेकडे मागं फिरली. डोंगर औषधालाही नसलेल्या या गावात, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या शीतगृहात, पेरू, बोलिव्हिया, टांझानिया, तिबेट, पापुआ अशा ठिकाणच्या शिखरांवरून आणलेलं बर्फ नळकांड्यांमध्ये जपून ठेवलं आहे. त्यातल्या काही डोंगरांवर आता तेवढं बर्फ उरलेलं नाही.

हा साठा उभा केला लॉनी थॉम्पसन आणि त्याची पत्नी एलन मोस्ली-थॉम्पसन यांनी. डोंगरांवरचं बर्फ म्हटलं की आज थॉम्पसनचं नाव पहिलं येतं. पण थॉम्पसन मूळचा वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणपट्ट्यातला, आणि ओहायोला आला तो कोळशाचं भूशास्त्र शिकायला. त्याचं बोट धरून त्याला डोंगरावर नेलं ते त्याच संस्थेतल्या एका थोरल्या सहकाऱ्यानं. त्याचं नाव जॉन मर्सर. हे प्रकरण त्याच्याबद्दल आहे.

मर्सरचा जन्म १९२२ सालचा, इंग्लंडमधला. कॅनडात मॅक्गिल विद्यापीठातून त्यानं डॉक्टरेट केली ती बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाच्या भूरूपांवर आणि हिमनद्यांवर. पुढे त्याचं मन रमलं पॅटागोनियात. दक्षिण अमेरिकेचं ते निमुळतं टोक म्हणजे वारा, पाऊस आणि बर्फ यांचा अखंड धिंगाणा. एकट्यादुकट्यानं, पाठीवर ओझं टाकून, महिनोन्‌महिने तिथं भटकायचं हे त्याला मानवलं. दक्षिण गोलार्धातल्या हिमनद्यांचा एक भलामोठा नकाशासंग्रह त्यानं तयार केला, तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. उपग्रह नव्हते. कुठे कुठल्या मोहिमेतला माणूस काय लिहून गेला, कुठल्या विमानातून कुणी कोणता फोटो काढला, हे सगळं वेचून वेचून एकत्र करायचं काम ते.

त्याची ओळख करून देताना त्याचे सहकारी एक गोष्ट हमखास सांगत. हवा जरा बरी असली की मर्सर अंगावर कपडे न ठेवता काम करायचा. हिमनदीच्या कडेला, दगडधोंड्यांत, वहीत नोंदी करणारा दिगंबर शास्त्रज्ञ! आपल्याकडे हिमालयात असं कुणी दिसलं तर लोक लांबूनच हात जोडतील. अमेरिकेतल्या विद्यापीठात त्याला विक्षिप्त म्हणत. हा किस्सा त्याच्या नावाला इतका चिकटला की काही वेळा वाटतं, लोकांनी त्याचं शास्त्र ऐकण्याऐवजी किस्साच ऐकला.

त्याचं शास्त्र तसं पायांनी करायचं होतं. हिमनदी पुढे सरकताना वाटेतले दगड, वाळू, माती ढकलत नेते आणि जिथं थांबते तिथं त्या सगळ्याचा बांध घालून ठेवते. त्याला हिमोढ म्हणतात. हवा उबदार झाली, हिमनदी मागं हटली, की बांध जागच्या जागी राहतो. २०१९च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरातल्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली. नदी पात्रात परत गेली तरी ती कुठवर आली होती हे भिंत सांगत होती. डोंगरातली हिमनदी अशीच रेघ ओढते, फक्त ती दगडांची असते आणि हजारो वर्षं पुसली जात नाही. त्या बांधात एखादं झाडाचं खोड, दलदलीतलं कुजकं गवत दाबलं गेलेलं सापडलं, तर कार्बन-१४ वरून त्याचं वय काढता येतं. म्हणजे बर्फ कुठवर आलं होतं आणि कधी आलं होतं, दोन्ही कळलं. मर्सर असे पुरावे शोधण्यात तरबेज होता. पॅटागोनियात तर त्याला हिमनदीनं टाकलेल्या दगडगोट्यांच्या थरावर लाव्हा पसरलेला सापडला. लाव्ह्याचं वय काढता येतं. लाव्हा ३५ लाख वर्षांच्या आसपासचा निघाला, म्हणजे खालचं बर्फ त्याहून जुनं. दक्षिण गोलार्धात हिमनद्या एवढ्या आधीपासून होत्या हे तेव्हा बऱ्याच जणांच्या हिशेबात नव्हतं.

दुसरी एक सवय त्याच्यात होती, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. युरोपात जे घडलं तेच जगभर घडलं असं तो धरून चालत नसे. हिमयुग संपता संपता युरोपात हवा एकदा उबदार झाली आणि पुन्हा गारठली. पाठ्यपुस्तकांनी ते पृथ्वीचंच वेळापत्रक मानलं होतं. १९६९ साली मर्सरनं एका लेखात विचारलं की ही केवळ युरोपातली भानगड तर नाही? लेखाच्या शीर्षकाच्या शेवटीच प्रश्नचिन्ह होतं. त्यावरचा वाद पुढची कित्येक वर्षं रंगला आणि उत्तर अर्थातच ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं सोपं निघालं नाही. पण दक्षिणेकडचे डोंगर दक्षिणेकडे जाऊनच वाचावे लागतील, हा त्याचा आग्रह टिकला.

थॉम्पसनला हा माणूस भेटला तो ऐन अशा वेळी, जेव्हा बर्फाचे गाभे हा विषय ध्रुवांची मक्तेदारी होता. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका इथं गिरमिटासारखं पोकळ ड्रिल फिरवत बर्फाचा दंडगोल बाहेर काढायचा, त्यातले वर्षावर्षाचे थर मोजायचे, धूळ मोजायची, ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजायचं. त्यावरून त्या त्या वर्षीचं हवामान ताडायचं. थॉम्पसन त्या वेळी ध्रुवीय बर्फातल्या धुळीचे कण मोजत होता. मर्सरनं त्याला एक हवाई छायाचित्र दाखवलं. पेरू देशाच्या आग्नेय भागात, विल्कानोटा रांगेत, ताटावर ओतलेल्या दह्यासारखी पसरलेली एक पांढरीशुभ्र हिमटोपी. नाव केलकाया. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम १४ अंशांवर. आपल्या बाजूला उत्तरेत एवढं अंतर मोजलं तर कर्नाटक लागतो. माथा साधारण ५,६७० मीटर उंचीवर.

डोंगरावरचं बर्फ बहुतेक वेळा उतारावर असतं. ते वाहतं, चुरगळतं, त्यातले थर एकमेकांत मिसळतात. केलकायाचा माथा मात्र पठारासारखा सपाट होता. पडलेलं बर्फ जागीच साठत गेलेलं. तिथं थर शाबूत असतील, हे मर्सरला फोटोवरून दिसलं. बऱ्याच ध्रुवतज्ज्ञांना हे पटण्यासारखं नव्हतं. उष्ण कटिबंधातलं बर्फ उन्हानं वितळत असणार, पाणी झिरपून सगळी नोंद पुसली गेली असणार, अशी त्यांची समजूत होती.

१९७४ साली मर्सर आणि थॉम्पसन काही मोजक्या लोकांसह केलकायावर चढले. रस्ता संपल्यावर दोन दिवसांची चाल. वर त्यांनी खड्डा खणला आणि भिंतीवर पट्टे दिसले. तिथं वर्षाचे दोनच ऋतू, ओला आणि कोरडा. ओल्या ऋतूत भरपूर हिमवर्षाव, कोरड्यात वाऱ्यावरून आलेली धूळ. धुळीची एक काळपट रेघ म्हणजे एक वर्ष. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं नुसत्या डोळ्यांनी मोजता येणारं.

खड्डा खणणं वेगळं आणि दीडशे मीटर खोल बोअर मारणं वेगळं. डेन्मार्कचा विली डान्सगार्ड म्हणजे या विद्येतला बुजुर्ग. एवढ्या उंचीवर माणसं टिकणार नाहीत आणि तिथं चालेल असं यंत्रही नाही, असं त्याचं मत होतं. १९७९ साली पेरूच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं ड्रिलची यंत्रसामग्री वर न्यायचा घाट घातला गेला. विरळ हवेत आणि वाऱ्यात हेलिकॉप्टर डगमगायला लागलं आणि बेत सोडावा लागला. चार वर्षांनी, १९८३ साली, वेगळाच उपाय निघाला. ब्रूस कोची नावाच्या अवलिया अभियंत्यानं सौर पट्ट्यांवर चालणारं हलकं ड्रिल तयार केलं. ६० पट्ट्या, सुटे सुटे भाग, ते घोड्यांवर आणि माणसांच्या पाठीवर लादून वर नेले. सौर विजेचा असा उपयोग त्या काळी नवलाचाच होता. दोन बोअर थेट खडकापर्यंत गेले, एक १५५ मीटरचा आणि दुसरा १६४ मीटरचा. बर्फ गोठलेल्या अवस्थेत खाली आणण्याची सोय नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून, ते वितळवून, पाणी बाटल्यांत भरलं. हजारो बाटल्या. त्या कोलंबसला पोचल्या तेव्हा त्यांत १,५०० वर्षांचा हिशेब होता: अँडीजमधले दुष्काळ, एल निनोची वर्षं, १५०० ते १९००च्या दरम्यानचं थंड पर्व. ते पर्व फक्त युरोपापुरतं नव्हतं याचा तो एक भक्कम पुरावा. इथं तपासाचं उत्तर जगाच्या बाजूनं गेलं होतं. मर्सरला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. तपासायला जाणं हाच त्याचा मुद्दा होता.

१९९० नंतर थॉम्पसन पुन्हा केलकायावर गेला, तेव्हा वरच्या थरांत वितळलेलं पाणी झिरपायला लागलं होतं. वर्षावर्षाचा फरक पुसट झाला होता. ध्रुवतज्ज्ञांची जी शंका होती ती आता खरी व्हायला लागली होती. १९८३चा बोअर आणखी थोडी वर्षं लांबला असता तर वरची पानं वाचता आली नसती. हिमटोपीतून खाली उतरणारी कोरी कालिस ही हिमनदी तर १९९० नंतर वर्षाला सरासरी ६० मीटर मागं हटत होती. १९६३ ते १९७८ या काळात हा वेग त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा होता. नंतर बर्फ हटलं तिथं खालून झाडोरा उघडा पडला. उशीसारखी वाढणारी ती वनस्पती, वय ५,००० वर्षांच्या वर. बर्फाखाली दडपली गेल्यावर ती एकदाही पुन्हा उघड्यावर आली नसणार, नाहीतर कुजून गेली असती. दाबलेल्या झाडोऱ्यावरून बर्फाची तारीख काढायची ही मर्सरचीच पद्धत. केलकायाच्या पायथ्याच्या हिमोढांची वयं त्यानं १९७७ साली अशीच काढली होती.

केलकायापासून सुरू झालेली ही वाट पुढे हिमालयात आली, आणि तिथं ती आपल्या घरापर्यंत पोचते. १९९७ साली थॉम्पसनच्या तुकडीनं तिबेटात शिशापांग्मा शिखराच्या अंगाखांद्यावरच्या दासुओपू हिमनदीत, ७,२०० मीटरवर बोअर मारला. इतक्या उंचावरून बर्फाचा गाभा त्याआधी कुणी काढला नव्हता. या हिमनदीवर पडणारं बर्फ मोसमी वाऱ्यांचं. जे ढग आपल्याला पाऊस देतात त्यांचेच भाऊबंद. पाऊस दगा देतो त्या वर्षी उपखंड सुकतो, धूळ उडते, आणि ती धूळ आणि क्षार दासुओपूच्या थरांत जाऊन बसतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदीत गेल्या हजार वर्षांतला एक मोठा काळा डाग दिसतो तो १७९० ते १७९६ या वर्षांचा.

त्या वेळी पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता आणि मराठ्यांच्या फौजा टिपूविरुद्ध दक्षिणेत उतरल्या होत्या. १७९१-९२ साली दख्खन, दक्षिण मराठा मुलूख, निजामाचं राज्य, गुजरात, मारवाड यांत जो दुष्काळ पडला त्याला इंग्रजांच्या कागदांत ‘कवट्यांचा दुष्काळ’ असं नाव आहे. मेलेल्यांना जाळायला-पुरायला माणूस उरला नव्हता आणि हाडं रानात पांढरी पडली होती म्हणून. बखरींमधून, पत्रांमधून, महसुलाच्या कागदांतून तो काळ आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याच धुळीची रेघ हिमालयात सात किलोमीटर उंचीवर दोनशे वर्षं पडून होती, आणि ती वाचणारी माणसं ओहायोच्या मक्याच्या शेतांमधून आली होती. एका फोटोवरून सुरू झालेली गोष्ट इथवर येते.

एवढंच असतं तरी मर्सरची आठवण काढायला पुरेसं होतं. पण त्याचं नाव आज जास्त घेतलं जातं ते दुसऱ्याच कारणानं.

१९६४-६५च्या उन्हाळ्यात तो अंटार्क्टिकात रीडी हिमनदीच्या परिसरात काम करत होता. ट्रान्सअंटार्क्टिक नावाची पर्वतरांग या खंडाचे दोन भाग करते. ही हिमनदी त्या रांगेतून खाली उतरते. दक्षिण ध्रुव तिथून फार लांब नाही. तिथं डोंगरात त्याला तळ्यात बसलेल्या गाळाचे अवशेष दिसले. आज जिथं उन्हाळ्यातही पाणी टिकत नाही तिथं कधीकाळी तळं होतं, म्हणजे कधीकाळी तिथला उन्हाळा बराच उबदार होता. दुसरीकडे हे माहीत होतं की सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा निदान सहा मीटर उंच होती. ते पाणी आलं कुठून? मर्सरनं या दोन गोष्टी जोडल्या आणि १९६८ साली लिहिलं की पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर त्या वेळी कोसळलेली असावी. एका डोंगरातल्या गाळावरून खंडभराच्या बर्फाबद्दल बोलणं ही झेप मोठीच होती. ज्यांना ती पटली नाही त्यांना दोष देता येत नाही.

पश्चिमेचीच हिमचादर का? कारण तिची बैठक वेगळी आहे. पूर्व अंटार्क्टिकाचं बर्फ बहुतांशी जमिनीवर बसलं आहे. पश्चिमेचं बर्फ समुद्रसपाटीच्या खाली गेलेल्या तळावर बसलं आहे, काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जास्त खाली, आणि हा तळ परातीसारखा आतल्या बाजूला खोल होत जातो. काठावर बर्फ समुद्रात उतरून तरंगत्या लाद्यांचं रूप घेतं, शेकडो मीटर जाड, एखाद्या जिल्ह्याएवढ्या किंवा देशाएवढ्या मोठ्या. या लाद्या आधीच तरंगत असल्यानं त्या वितळून समुद्र फारसा वाढत नाही. पण त्या मागच्या बर्फाला अडवून धरतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे बसवतात तशा. बरगे स्वतः पाणी साठवत नाहीत, पण ते काढले की मागचं पाणी सुटतं.

जानेवारी १९७८मध्ये मर्सरचा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात आला. पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर आणि हरितगृह परिणाम असा विषय, आणि शीर्षकातच ‘संकट’ हा शब्द. त्यानं मांडलं ते असं: कोळसा आणि तेलाचा वापर याच गतीनं वाढत राहिला तर पन्नासेक वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट होईल. ध्रुवांकडे तापमान जास्त वाढेल. तरंगत्या लाद्या तुटतील, मागची हिमचादर सुटेल आणि समुद्र पाच मीटर वाढेल. पन्नास वर्षांचा आकडा चुकला. तेव्हा हवेत दहा लाख भागांत ३३५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज ४२०च्या वर आहे. दुप्पट होणं अजून लांब आहे. पाच मीटरचा आकडाही पुढच्या मोजणीत तीन-साडेतीन मीटरवर आला.

पण त्या लेखात आणखी एक गोष्ट होती. मर्सरनं नकाशावर एक रेषा पाहिली होती. जानेवारी हा अंटार्क्टिकाचा ऐन उन्हाळा. जानेवारीचं सरासरी तापमान जिथं शून्य अंश असतं त्या रेषेच्या उत्तरेला तरंगत्या लाद्या टिकत नाहीत. अंटार्क्टिकाचं एक चिंचोळं द्वीपकल्प दक्षिण अमेरिकेच्या दिशेनं उत्तरेकडे झेपावतं. ती रेषा तिथून जाते. हवा तापली तर रेषा दक्षिणेकडे सरकेल. म्हणजे द्वीपकल्पावरच्या लाद्या आधी उत्तर टोकाच्या फुटतील आणि मग एकेक करत दक्षिणेकडच्या. तसं होताना दिसलं, तर समजा संकट दाराशी आलं, असं त्यानं लिहून ठेवलं. आपण चुकलो की नाही हे कुणालाही तपासता यावं अशी सोय त्यानं स्वतःच करून ठेवली होती. भाकितं करणारे खूप असतात. ती खोटी पाडायचं माप हातात देणारे थोडे.

लेखाचं स्वागत थंडच झालं. ज्यांनी सावधपणे, अजून संशोधन हवं, घाई नको असं लिहिलं ते जास्त भारदस्त वाटले. मर्सरकडे गणिती प्रारूपं नव्हती. होता तो डोंगरातला गाळ, नकाशावरची रेषा आणि विक्षिप्त म्हणून झालेला लौकिक. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यानं २००७ साली मागं वळून पाहताना या प्रकाराला मर्सरचंच नाव दिलं: धोक्याबद्दल बोलताना शास्त्रज्ञ हातचं राखून बोलतात आणि तसं बोलणाऱ्यांचं वजन वाढतं, त्यांना संशोधनाचे पैसेही सहज मिळतात, असं त्याचं निरीक्षण. हॅन्सन स्वतः मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याचं मत थोडं बाजूचं धरायला हवं. तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. चूक झाली तर सावध माणसाला कुणी नावं ठेवत नाही. ओरडणाऱ्याला ठेवतात.

मर्सर १९८७ साली वारला. तोवर द्वीपकल्पाचं चित्र स्पष्ट झालेलं नव्हतं.

जानेवारी १९९५मध्ये द्वीपकल्पाच्या उत्तर भागातली लार्सन ए ही लादी वादळात फुटून तुकडे तुकडे झाली. तिच्या दक्षिणेला लार्सन बी. २००२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुमारे ३५ दिवसांत, तिचा ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग कोसळला. गोव्याहून थोडाच लहान, दोनशे मीटरहून जाड. उपग्रहाच्या चित्रांत आधी निळ्या पाण्याची तळी दिसली, मग भेगा, मग सगळा चुरा. आणि बरगे काढल्यावर जे होतं तेच झालं. लादीच्या मागच्या काही हिमनद्यांचा वेग आठपटीपर्यंत वाढला. दक्षिणेकडे ज्या हिमनद्यांच्या पुढची लादी शिल्लक होती त्यांचा वेग तसा वाढला नाही. आधी उत्तर, मग दक्षिण. मर्सरनं सांगितलेल्या क्रमानं.

हे द्वीपकल्पावरचं. खुद्द पश्चिम अंटार्क्टिकाच्या मुख्य हिमचादरीवर ती रेषा अजून गेलेली नाही. तिथं बर्फ खालून झिजतंय, खोल समुद्रातलं कोमट पाणी तरंगत्या लाद्यांच्या पोटाशी शिरल्यामुळे. हा रस्ता मर्सरच्या लेखात नव्हता. थ्वाइट्स ही तिथली सगळ्यात धास्ती घालणारी हिमनदी मागं हटते आहे. ती किती वेगानं कोसळेल, दशकांत की शतकांत, यावर जाणकारांत एकमत नाही. एक गोष्ट मात्र नक्की आणि ती मुंबईकरांनी लक्षात ठेवावी. एवढं मोठं बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणानं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. ते वितळलं तर अंटार्क्टिकाजवळ समुद्र खाली जाईल आणि दूरवर, उत्तर गोलार्धात आणि हिंदी महासागराच्या बऱ्याच भागात, तो सरासरीपेक्षा जास्त चढेल.

सव्वा लाख वर्षांपूर्वी ही हिमचादर खरंच कोसळली होती का, या १९६८च्या प्रश्नाचा एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळावर एक लहान ऑक्टोपस राहतो. हिमचादरीच्या एका बाजूला वेडेल समुद्र, दुसऱ्या बाजूला रॉस आणि अमुंडसन समुद्र. मध्ये खडकाला टेकलेलं बर्फ, त्यातून ऑक्टोपसला वाट नाही. २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समुद्रांतल्या ऑक्टोपसांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा दिसलं की सव्वा लाख वर्षांच्या आसपास त्यांची गाठभेट झाली होती. हिमचादर जागेवर नसेल आणि तिथं समुद्रच असेल, तरच ते शक्य.

पश्चिम अंटार्क्टिकातून रॉस समुद्राकडे वाहणाऱ्या बर्फाच्या एका रुंद प्रवाहाला पूर्वी नुसतं ‘ए’ म्हणत. आता त्याला मर्सरचं नाव आहे. त्या प्रवाहाखाली एक किलोमीटरहून जाड बर्फाच्या तळाशी एक सरोवर आहे, हे २००७ साली उपग्रहाच्या मोजमापांतून कळलं. वरचं बर्फ काही मीटर वर-खाली होत होतं, कारण खाली पाणी भरत आणि रिकामं होत होतं. त्यालाही मर्सरचंच नाव मिळालं. २०१८च्या डिसेंबरात, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, गरम पाण्याच्या झोतानं बर्फ वितळवत १,०८४ मीटर खाली बोअर गेला आणि सरोवराला टेकला. तळाचा चिखल वर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात इवल्याशा कवचधारी जीवांची आणि आठ पायांच्या जलअस्वलांची मेलेली शरीरं होती. समुद्रातली ती वाटत नव्हती. गोड्या पाण्यातली, डबक्यांतली. शोधणाऱ्यांचा कयास असा की ती ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेतल्या तळ्यांत आणि ओहोळांत कधीतरी उबदार काळात राहत असावीत, आणि तिथून बर्फाच्या किंवा पाण्याच्या वाटेनं खाली आली असावीत.

त्याच रांगेत, रीडी हिमनदीच्या काठी, मर्सरला तळ्यातला गाळ सापडला होता.